शर्टाने आधी कुणाला सांगावं?

अंतराळात घाम ओघळत नाही. कपाळावर आला की तिथेच थांबतो, पाण्याचा थर होऊन कातडीला चिकटून राहतो आणि हळूहळू जाड होत जातो. अंगाभोवतीची गरम हवासुद्धा वर जात नाही, कारण वर-खाली असं तिथे काही उरलेलंच नसतं. पंख्याने हवा हलवली नाही तर माणूस स्वतःच्याच उष्णतेच्या आणि उच्छ्वासाच्या वेढ्यात अडकून राहील. अंतराळवीरांसाठी कपडे बेतायला घेतले की आधी याचा विचार करावा लागतो. सेन्सर, बॅटरी, ब्लूटूथ हे सगळं नंतर येतं.

मी कपड्यांत सर्किट शिवते. तांब्याच्या वायरीऐवजी चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा, सोल्डरच्या जागी टाका आणि बोर्डाच्या जागी कापड, असं हे काम आहे. लिया ब्यूकली यांचा लिलीपॅड हा कापडावर शिवता येणारा छोटा सर्किट बोर्ड २००७मध्ये बाजारात आला आणि तेव्हापासून शिवणयंत्रावर हात बसलेली माणसंही या क्षेत्रात शिरू लागली. सध्या आमचा एक छोटा गट लांबच्या अंतराळप्रवासात आतून घालायच्या शर्टावर काम करतो आहे. हृदयाचे ठोके, श्वास, कातडीचं तापमान आणि हालचाल एवढं त्या शर्टाने टिपावं अशी अपेक्षा आहे. टिपण्याचं काम अवघड असलं तरी त्याची उत्तरं प्रयोगाच्या टेबलावर सापडत जातात. पण टिपलेलं त्या शर्टाने आधी कुणाला सांगावं? हा प्रश्न टेबलावर सुटत नाही, आणि मला तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र कापडातूनच आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कपडे धुतले जात नाहीत. पाणी तिथे इतकं मोलाचं आहे की घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. त्यामुळे एक शर्ट बरेच दिवस घालायचा आणि मग कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरून द्यायचा, अशी रीत आहे. ती यानं बहुधा वातावरणात शिरताना जळून जातात आणि कपडेही त्यांच्याबरोबर जातात. एका माणसाला वर्षाला सुमारे ६८ किलो कपडे लागतात, असा नासाचा हिशेब आहे. मंगळाच्या प्रवासाला हे परवडणारं नाही. म्हणूनच अंतराळात चालेल असा डिटर्जंट शोधण्याचं काम नासाने एका मोठ्या साबण कंपनीबरोबर हाती घेतलं आहे. दुसऱ्या बाजूने, न धुता जास्त दिवस घालता येतील असे कपडे शोधणंही चालू आहे. कोइची वाकाता या जपानी अंतराळवीराने २००९मध्ये दुर्गंधीरोधक अंतर्वस्त्रं स्थानकावर जवळजवळ महिनाभर घालून पाहिली होती.

कापडी इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या माणसाला हे ऐकून आनंद होतो, कारण पृथ्वीवर आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धुलाई. पाणी, साबण आणि पिळणं यांनी धाग्यावरचा चांदीचा थर झिजतो, धाग्याचा विद्युतरोध वाढत जातो आणि एक दिवस सिग्नल तुटतो. अंतराळात हा शत्रूच नाही. शिवाय चांदी जंतूंची वाढ रोखते, त्यामुळे ठोक्यांचा सिग्नल वाहून नेणारा धागाच कापडाचा वासही काही प्रमाणात आटोक्यात ठेवतो. एका धाग्याने दोन कामं करावीत, हे मला या साऱ्या खटाटोपातलं फार सुंदर वाटतं. पण कपडा अखेरीस टाकून द्यायचाच असेल, तर महागडा भाग त्याच्यापासून सुटा करता आला पाहिजे. म्हणून आमच्या शर्टात धागे आणि इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकून हृदयाचा विद्युत सिग्नल टिपणारे तुकडे, कापडाचे आहेत, तर प्रोसेसर आणि बॅटरी एका छोट्या डबीत. डबी धातूच्या टिचबटणांनी शर्टाला लागते. बटण डबीला धरूनही ठेवतं आणि सर्किटही पूर्ण करतं. जुना शर्ट काढला की डबी नव्या शर्टावर लावायची.

आता मापाचं. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं माप अंतराळात उपयोगी पडत नाही, हे मला या कामात शिरल्यावर कळलं आणि तेव्हापासून माप घेण्याची माझी पद्धतच बदलली. वजनरहित अवस्थेत माणूस सैल सोडला की त्याची एक ठरावीक ढब होते. गुडघे थोडे वाकतात, हात छातीसमोर तरंगतात, खांदे वर येतात, मान किंचित पुढे झुकते. सत्तरच्या दशकात स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकावर ही ढब बारकाईने नोंदवली गेली. या माणसासाठी सरळ लोंबणाऱ्या हाताच्या हिशेबाने मुंढा कापला तर कापड पाठीवर ताणलं जाणार आणि छातीवर त्याच्या चुण्या पडणार. त्यात पाठीच्या कण्यावरचा भार गेल्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या फुगतात आणि उंची काही सेंटिमीटर वाढते. पायांतलं पाणी वर सरकतं, त्यामुळे चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि पिंढऱ्या बारीक होतात. शर्टाचा खालचा घेर तर जागेवर राहतच नाही. त्याला खाली ओढणारं काही नसल्यामुळे तो तरंगत वर येतो. हृदयही काहीसं गोल होतं. म्हणजे ज्या छातीवर मी इलेक्ट्रोडची जागा खडूने आखते, ती छाती आठवड्याभरात वेगळी झालेली असते.

साध्या कपड्यात एवढा फरक चालून जातो. सिग्नल टिपणाऱ्या कपड्यात इलेक्ट्रोड एखाद्या बोटाने सरकला तरी आलेखाचा आकार बदलतो, आणि तो हृदयात झालेला बदल आहे की शिवणीत, हे पृथ्वीवर बसलेल्या डॉक्टरला ओळखता येत नाही. त्यामुळे शर्टाचा कुठला भाग ताणला जावा आणि कुठला मुळीच ताणला जाऊ नये, हे वीण ठरवतानाच पक्कं करावं लागतं. छातीभोवती आणि पोटाभोवती श्वास मोजणारा धागा आम्ही नागमोडी शिवतो. श्वासाबरोबर ती नागमोड उलगडते, मिटते आणि त्या बदलावरून श्वास मोजला जातो. इलेक्ट्रोडच्या भोवती मात्र न ताणणाऱ्या कापडाची चौकट. पाठीवर मध्यभागी उभी सैल पट्टी, कण्याची लांबी वाढली तरी पुढचा भाग वर ओढला जाऊ नये म्हणून.

शरीरं एकसारखी नसतात, हेही इथे लगेच जाणवतं. २०१९च्या मार्चमध्ये ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कॉक या दोघी मिळून स्पेसवॉक करणार होत्या, म्हणजे स्थानकाबाहेर पडून काम करणार होत्या. फक्त स्त्रियांचा तो पहिलाच स्पेसवॉक ठरला असता. दोघींनाही पोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग हवा होता आणि वापरायला तयार असा एकच होता, म्हणून मॅक्लेन यांनी माघार घेतली. पुढे ऑक्टोबरमध्ये कॉक आणि जेसिका मीर यांनी तो इतिहास घडवला. ही बातमी तेव्हा जगभर गाजली. मला तिच्यात शिवणकामाचा जुना नियम दिसतो, की आधी माणूस पाहावा आणि मग कापड कापावं. स्त्रीच्या छातीवर इलेक्ट्रोड कुठे आणि किती दाबाने बसावा, याचा विचार पुरुषाच्या शर्टाला चिमटे घेऊन होत नाही. त्यासाठी वेगळा नमुना पहिल्यापासून बेतावा लागतो.

इलेक्ट्रोड हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे इथे जरा थांबते. दवाखान्यात ईसीजी काढताना जेल लावतात, कारण कोरडी कातडी विजेला चांगलाच अडथळा करते. साठच्या दशकात नासाच्या जेमिनी आणि अपोलो मोहिमांच्या काळात अंतराळवीरांच्या छातीवर असेच पेस्ट लावलेले इलेक्ट्रोड चिकटवलेले असत. ते दिवसेंदिवस ठेवले की कातडी चिडते. कापडी इलेक्ट्रोड कोरडा असतो. तो घातल्यावर पहिली काही मिनिटं आलेखात नुसता कचरा दिसतो. मग कापड आणि कातडी यांच्यामध्ये घामाचा बारीकसा ओलावा जमतो, त्यातले क्षार विजेला वाट करून देतात आणि आलेख निवळतो. ज्या घामापासून अंतराळवीराला वाचवायचं, त्याच घामाची इलेक्ट्रोडला गरज. उरलेल्या कापडाने घाम झटकन शोषून पसरवायचा, इलेक्ट्रोडच्या चौकटीत मात्र तो थोडासा धरून ठेवायचा, हे आमच्या शर्टाचं निम्मं डिझाइन आहे.

अंतराळातल्या घामावर आणि कापडावर शास्त्रीय काम झालेलं आहे. अलेक्झांडर गेर्स्ट या जर्मन अंतराळवीराने २०१४मध्ये स्पेसटेक्स प्रयोगात वेगवेगळ्या कापडांचे शर्ट घालून स्थानकावर व्यायाम केला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कपाळावर लावायचा एक सेन्सर वापरून अंतराळवीरांच्या शरीराच्या आतलं तापमान मोजलं, तर ते काही आठवड्यांत हळूहळू चढून विश्रांतीतही साधारण एक अंशाने जास्त राहतं असं दिसलं. एक अंश म्हणजे जवळजवळ कणकणच. ती अंगात घेऊन ही माणसं महिनोन्‌महिने काम करतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. कपड्याला जाणवू शकतं.

कापडात वीज खेळवायची म्हटलं की आगीचा विचार टाळता येत नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी आग लागून मरण पावले. यानात शुद्ध प्राणवायू होता, त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही थोडा जास्त होता आणि आत नायलॉनच्या जाळ्या, वेल्क्रोच्या पट्ट्या असं बरंच जळण होतं. कुठेतरी ठिणगी पडली. त्यानंतर अंतराळ पोशाखाचं बाहेरचं आवरण काचेच्या तंतूंवर टेफ्लॉन चढवलेल्या बीटा कापडाचं झालं. अपोलोचे ते पोशाख शिवणाऱ्या स्त्रिया आयएलसी कंपनीच्या होत्या. ब्रा आणि कमरपट्टे शिवण्यात त्यांचे हात तयार झालेले. टीप मिलिमीटरभरही हलता कामा नये आणि कापडात एकही टाचणी राहता कामा नये, अशा शिस्तीत त्यांनी थरावर थर शिवले. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. चंद्रावर माणूस पोचला त्यात रॉकेटच्या इंजिनाइतकाच त्या टाक्यांचा वाटा आहे, असं मी मनापासून मानते.

आजही नासाच्या स्पेसवॉकच्या पोशाखात शुद्ध प्राणवायूच असतो, समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दाबाचा. अशा ठिकाणी कातडीला लागून असलेल्या कापडातून वीज न्यायची, तर ती इतकी क्षीण असावी लागते की धागा तुटला, पिळला, दुसऱ्या धाग्याला चिकटला तरी ठिणगीला पुरणार नाही. लिथियमची बॅटरी कातडीपासून दूर, बंदिस्त. आमचा शर्ट सध्या यानाच्या आत, साध्या हवेत घालण्यापुरताच आम्ही आखला आहे. जळताना वितळून कातडीला चिकटणारं कापड आम्ही आतल्या थरात घेत नाही. त्यामुळे बाजारातली कितीतरी सुरेख, ताणदार कापडं बाद होतात.

माझ्या मते अंतराळातला सगळ्यात हुशार कपडा कुठला, तर ज्यात इलेक्ट्रॉनिक्स मुळीच नाही तो. जून १९६६मध्ये जेमिनी ९ मोहिमेत युजीन सर्नन यानाबाहेर पडले. त्यांच्या पोशाखात थंडावा फक्त हवेचा होता. फुगलेल्या, ताठ पोशाखाशी झगडताना त्यांचं शरीर इतकं तापलं की हवेला ती उष्णता ओढून नेता येईना. हेल्मेटची काच आतून धुकट झाली, नाडी १८०च्या आसपास गेली आणि काम अर्धवट सोडून त्यांना जवळजवळ आंधळेपणीच आत यावं लागलं. पुढे अपोलोच्या पोशाखांत आतून पाणी फिरवणारं अंतर्वस्त्र आलं. स्थानकावर वापरात असलेल्या अशा अंतर्वस्त्रात ताणदार जाळीमध्ये सुमारे ९१ मीटर बारीक नळी ओवलेली असते. नळीतून थंड पाणी फिरतं आणि अंगाची उष्णता घेऊन जातं. किती थंड हवं ते अंतराळवीर छातीवरच्या झडपेने स्वतः ठरवतो. छातीवरच्या त्या फळीवरची अक्षरं उलटी लिहिलेली असतात, कारण हेल्मेटमधून मान खाली घालून ती दिसत नाहीत. मनगटावर बांधलेल्या आरशात पाहून ती वाचायची. इतकं साधं, इतकं भरवशाचं.

सेन्सरकडून तापमान घेऊन ती झडप आपोआप फिरवणारी यंत्रणा करता येईल, तिचे आराखडेही निघाले आहेत. ती व्हावी असं मलाही वाटतं. पण झडप हातातही राहावी. माणसाला आपल्या अंगाची जी जाण असते, ती सेन्सरच्या आकड्यांत पूर्ण उतरत नाही.

१६ जुलै २०१३ रोजी इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो स्पेसवॉक करत असताना त्यांना मानेमागे ओलं लागलं. त्यांनी तसं कळवलं. त्याआधीच्या आठवड्यात त्यांच्याच हेल्मेटमध्ये थोडं पाणी सापडलं होतं आणि ते पिण्याच्या पिशवीतून गळलं असावं असं सगळ्यांनी धरलं होतं. याही वेळी आधी संशय पिशवीवरच गेला. प्रत्यक्षात थंडाव्याच्या यंत्रणेतला एक भाग गाळाने तुंबला होता आणि तिथलं पाणी हवेच्या वाटेने हेल्मेटमध्ये येत होतं. पाणी डोक्याला धरून पुढे सरकलं, डोळ्यांवर आलं, नाकात शिरलं. सूर्यही तेव्हा मावळलेला. सुरक्षादोरीची हलकी ओढ कुठल्या दिशेने आहे एवढ्यावर वाट काढत ते दारापर्यंत पोचले. त्यानंतर हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारी एक गादी बसवली गेली आणि वेळ आलीच तर पोशाखाच्या खालच्या भागातली हवा घेता यावी म्हणून तोंडात धरायची एक साधी नळी वेल्क्रोने लावली गेली.

ही घटना मी पुन्हा पुन्हा वाचते. तिच्यात दोन गोष्टी आहेत. पोशाखात काहीतरी बिघडलं आहे हे सगळ्यात आधी ज्याच्या अंगावर पोशाख होता त्याला कळलं. आणि ते कळूनही, त्याचा अर्थ लावण्याचं काम दूर बसलेल्या लोकांकडे गेलं. त्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. उपलब्ध माहितीवरून त्यांनी सगळ्यात शक्य वाटणारा निष्कर्ष काढला होता. पण पार्मितानोंच्या मानेला जे कळत होतं, त्याचं आकड्यांच्या भाषेत काही वजन नव्हतं. कपड्यातला एखादा ओल ओळखणारा धागा त्यांच्या बाजूने बोलला असता. पाणी कुठून येतंय, कुठल्या दिशेने सरकतंय, किती वेगाने वाढतंय. असा धागा शिवणं अवघड नाही, आणि मला शिवायचा आहे तो याच भावनेने, की आत असलेल्या माणसाच्या म्हणण्याला पुरावा मिळावा.

याची दुसरी बाजू १९७१ची. अपोलो १५च्या वेळी चंद्रावर काम करून परतताना जेम्स अर्विन यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. छातीवरच्या इलेक्ट्रोडनी ते पृथ्वीवर पाठवले, डॉक्टरांनी ते पाहिले आणि काळजीत पडले. खुद्द अर्विन आणि त्यांचे कमांडर डेव्हिड स्कॉट यांना मात्र तेव्हा ते नीट सांगितलं गेलं नाही. पुढे १९७३मध्ये अर्विन यांना हृदयविकाराचा झटका आला. छाती माझी, ठोके माझे, आणि त्यांची बातमी लाखो किलोमीटरवरच्या खोलीत आधी आणि मला नंतर, हे मला मनातून पटत नाही. घाबरवू नये म्हणून सांगितलं नसेल, काम संपत आलं होतं म्हणूनही नसेल. तरीही.

मग माणूस काय करतो? लपवतो. नोव्हेंबर १९७३मध्ये स्कायलॅबवर तिसरा चमू पोचला आणि पहिल्याच दिवशी विल्यम पोग यांना उलटी झाली. ती कळवायची नाही असं चमूने आपसांत ठरवलं. पण यानातला टेपरेकॉर्डर चालू होता. ते बोलणं जमिनीवर पोचलं आणि अंतराळवीरांचे प्रमुख ॲलन शेपर्ड यांनी त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल अशी कानउघाडणी केली. अंतराळवीर आपल्या तब्येतीबद्दल डॉक्टरांशी हात राखून बोलतात, यात नवल नाही. एका आलेखावरून पुढची मोहीम हातची जाऊ शकते. आता अंगावर चोवीस तास बोलका शर्ट चढवला तर काय होईल? तो इमानदार असेल, पण ज्याच्या अंगावर आहे त्याला तो पहारेकरी वाटू लागला, तर तो शर्ट काही ना काही कारणाने उशीखाली जाईल. डॉक्टरलाही मग काहीच मिळणार नाही.

अंगावर घालायचे असे कपडे आता स्थानकावर पोचलेही आहेत. कॅनडाच्या अंतराळ संस्थेचा बायो-मॉनिटर हा शर्ट आणि डोक्याची पट्टी २०१८च्या अखेरीस तिथे गेली आणि २०१९मध्ये डेव्हिड सां-जाक यांनी ती प्रथम वापरून पाहिली. नाडी, श्वास, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, कातडीचं तापमान, हालचाल असं सगळं त्यात मोजलं जातं, तेही रोजची कामं चालू असताना. कापडाच्या दृष्टीने ते उत्तम काम आहे. स्थानकावरून माहिती जमिनीवर लगेच येते, त्यामुळे तिथे आधी डॉक्टर की आधी अंतराळवीर हा प्रश्न फारसा टोचत नाही. मंगळाच्या वाटेवर तो टोचेल. तिथून संदेश यायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर जायला पुन्हा तितकीच. ठोके चुकताहेत हे कळवून पाऊण तासाने सल्ला मिळणार असेल, तर त्या पाऊण तासाचा डॉक्टर शर्ट घातलेला माणूसच असतो. त्याला आधी सांगण्यावाचून इलाज नाही.

म्हणून आमच्या शर्टाची मांडणी मी आतून बाहेर केली आहे. पहिली खबर अंगाला. ती कशी द्यायची यावरही पुष्कळ विचार झाला. दिव्यांची आणि भोंग्यांची यानात कमी नाही. त्यात आणखी एक चमकणारा पट्टा नको. २००४मध्ये डच अंतराळवीर आंद्रे कौपर्स यांनी स्थानकावर एक जाकीट घालून पाहिलं होतं. त्यातले बारीक थरथरणारे ठिपके ‘खाली’ कुठे आहे ते अंगाला सांगत. स्पर्शाने सांगण्याची ही कल्पना मला फार आवडली. आम्ही डाव्या कुशीवर, बरगड्यांच्या खाली एक छोटी थरथर ठेवली आहे. हळू आणि लांब थरथर म्हणजे पाणी पी, थोडा थांब. तुटक थरथर म्हणजे आता डबीकडे बघ. तिसरा प्रकार ठेवला नाही. कामात बुडालेल्या माणसाला कुशीवरची भाषा जितकी थोडी तितकी बरी. दुसरी खबर डॉक्टरकडे जाते, रोजच्या आढाव्यात, आणि ती जाण्याआधी घालणाऱ्याला पाहता येते. बंद करण्याचा खटकाही आहे. तो तरंगत्या हातांना सहज सापडेल असा, छातीच्या खालच्या कडेला.

शर्ट बंद केला किंवा बंद पडला तर काय, याचं उत्तर आम्ही पहिल्यापासून पक्कं धरलं आहे. तेव्हा तो घाम शोषणारा, न चोळणारा, बऱ्या मापाचा शर्ट राहतो. एकही वायर टोचत नाही, कुठलाही कडक भाग अंगात रुतत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर कापडाचं काम सोडून देणारे नमुने मी पुष्कळ पाहिले आहेत. बॅटरी संपली की ते अंगावर ठेवावेसे वाटत नाहीत.

या मांडणीला एका जागी तडा जातो, आणि तो बुजवायला अजून वेळ लागतो आहे. प्राणवायू कमी पडू लागला की माणसाला ते कळत नाही. उलट त्याला बरं वाटतं, सगळं छान चाललंय असं वाटतं आणि त्याच अवस्थेत तो चुका करत जातो. कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की डोकं जड होतं, चिडचिड होते, निर्णय घसरतात. बंद जागेत हे दोन्ही घडू शकतं. अशा वेळी शर्टाने पहिली खबर ज्याला द्यायची, त्याचं डोकंच जागेवर नसतं. कुशीवरची थरथर त्याला जाणवेल, पण तिचा अर्थ लागेलच असं नाही. तेव्हा शर्टाने त्याला ओलांडून शेजारच्याला सांगायला हवं, म्हणजे सोबत्याच्या शर्टाला आणि त्याच्या कुशीला.

कुठल्या खुणा दिसल्यावर शर्टाने असं ओलांडून जायचं, हे आमच्यापैकी कुणी एकट्याने ठरवू नये असं मी गटात धरून बसले आहे. डॉक्टरांना वाटतं की मर्यादा त्यांनी लिहावी, अभियंत्यांना वाटतं की प्रोग्रामने शिकत जावी. माझं म्हणणं असं, की माप घेण्याच्या बैठकीतच हे ठरावं. छातीचा घेर, खांदा, पाठ, बाही घेऊन झाली की अंतराळवीराने आणि त्याच्या सोबत्याने समोरासमोर बसून सांगावं, माझा श्वास असा झाला, ठोके असे झाले, तर मला न विचारता याला सांग. मग दोघांनी त्या कागदावर सही करावी आणि ते आकडे त्यांच्यादेखत डबीत भरले जावेत. दुसऱ्या माणसाचा शर्ट, दुसरे आकडे. सध्या मी त्या कागदाचा मसुदा लिहिते आहे. वरच्या अर्ध्या भागात मापं आहेत आणि खालच्या अर्ध्या भागात या परवानग्या.